एकवीस गुण

न्यूटनमोरच्या अलीकडे, हायवेच्या कडेला
सापडला, म्हणाली मिसेस गिलिस,
आणि खताच्या रिकाम्या पिशवीतून
टेबलावर ठेवला. बोका.
अजून पुरता ताठला नव्हता.
बाहेर साडेतीनलाच अंधारलेलं.

आमच्याकडे मांजर आडवं गेलं की माणूस थांबतो.
इथे माणूस आडवा गेला,
ताशी साठ मैलांनी,
आणि थांबला नाही.

दिवा खाली ओढला. तक्ता काढला.
सात रकाने, प्रत्येकी तीन गुण.

पाठीवरची काळी रेघ शेपटीच्या मुळाशी थांबते का?
थांबते. तीन.
शेपटीचं टोक काळं, बोथट? तीन.
शेपटीवरची कडी सुटी सुटी?
चिखल पुसून पाहिलं. तीन.
खांद्यावरच्या दोन रेघा जाड, ठसठशीत. तीन.
मानेवरच्या चार, त्यातली एक मध्येच विरलेली.
पुन्हा मोजल्या. दोनच.
कुशीवरचे पट्टे तुटके. दोन.
मांडीवर ठिपके,
नको होते तिथे, भरपूर.
एक.

सतरा.
रानचा म्हणवून घ्यायला एकोणीस लागतात.
पत्रिकेत छत्तीसांतले अठरा जुळले
तरी मांडव घालतात लोक.

म्हणजे खरा नाही?
म्हटलं, आजी नाहीतर पणजी
कुणाच्या तरी गोठ्यातली.
ती हातमोजे काढत राहिली, एकेक बोट.
आमचीच असेल, म्हणाली. टिबी.
फार फिरायची.

बंदुका झाल्या, सापळे झाले,
तितरं राखणाऱ्यांनी कुंपणावर ओळीनं टांगून झालं.
त्यातूनही उरले थोडे.
उरलेल्यांना मारलं नाही फारसं कुणी.
फक्त दरीमागून दरी रिकामी,
आणि फेब्रुवारीत, बर्फावर उभं राहून
घसा फुटेस्तोवर हाक घालायची
तर पंचक्रोशीत स्थळच नाही.
मग एका रात्री
गवताच्या कोठारातून कुणीतरी ओ देतं.

वंश बुडतो तो असाही.
वैरानं नाही. सोयरिकीनं.

पलीकडच्या खोऱ्यात, पिंजऱ्यात जन्मलेली
सोडलीत आता थोडी, अस्सल, एकवीसच्या जवळची.
गळ्यात पट्टा, पट्ट्यात यंत्र.
मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार,
तेवढं जमलं आम्हाला.
पुढचं त्यांचं त्यांनी.

मिसेस गिलिस दारात थांबली.
टिबीच्या दोन नाती आहेत घरी,
मंगळवारी आणते. शस्त्रक्रियेला.
फुकट असते ना?
असते.

ती गेल्यावर मी पंजा उघडून पाहिला.
गादीच्या बेचक्यात हेदरची एक काडी,
जांभळं फूल वाळून करडं झालेलं.
त्याला कुठलाच रकाना नव्हता.

कानाचा तुकडा बाटलीत. नंबर. तारीख.
शेऱ्यात लिहिलं: संकरित.
मग फ्रीझर उघडला, पिशवी आत सरकवली,
झाकण काही बसेना.
शेपटी बाहेर राहिली होती,
जाड, बोथट, काळ्या टोकाची,
तीनपैकी तीन.