साकव

सावईवेऱ्याच्या कुळागरात शाबा
पोफळीवरून पोफळीवर झोका घेतो,
जमिनीला पाय न लावता.
आज कपाळाला काही ताणलं
आणि लगेच तुटलं नाही.

त्यानं मान मागं घेतली.
हळदीच्या रंगाचा धागा. टोक शोधलं:
अकरा हात पलीकडे, मिरवेलीला.

कोळीण उडी मारत नाही.
वाऱ्यावर एक तार सोडते
आणि बसून राहते, कुठंतरी अडकेपर्यंत.
मग तीवरून चालत तिला दुहेरी करते;
आरे कोरडे, स्वतःच्या पायांसाठी,
चिकट फेरे पाहुण्यांना.

खालून भाटकार: "पलीकडचे दोन घड राहिले रे!"

"थंय साकव आसा," शाबा म्हणाला,
पायातला दोर आवळला
आणि सरळ खाली उतरला.
मग पलीकडची पोफळ,
पुन्हा बुडापासून.