दोन टोकांचं गेज

उद्यमबागेत अठ्ठावीस वर्षं मी भोकं मोजली.
हातात प्लग गेज. एक टोक गो, दुसरं नो-गो.
पहिलं आत उतरलं पाहिजे, आपल्याच वजनानं,
ढकलायचं नाही.
दुसरं शिरताच कामा नये.
मग हिरवा ठिपका. नाहीतर लाल.

अठ्ठ्याण्णव साली स्वीडनहून पत्र आलं:
तुमच्या बत्तीस व्हॉल्व्ह बॉडी सात मायक्रॉननं मोठ्या.
मालक कन्नडात शिव्या देत होते,
मी मराठीत मान खाली घालून ऐकत होतो.
पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ होती:
ड्रॉइंगवरची तिसरी टीप आमचीच संदिग्ध,
सबब निम्मं नुकसान आमचं.

सात मायक्रॉन. केसाचा दहावा भाग.
तेवढ्यासाठी कुणी माल परत करतं, हे ठाऊक होतं.
तेवढ्यासाठी कुणी आपली चूक कबूल करतं,
हे पहिल्यांदा बघितलं.

नऊ वर्षांनी टिळकवाडीच्या बँकेत फॉर्म भरला.
सवदत्ती मॅडमनी विचारलं, परदेशी कशाला? शिक्षण की आजारपण?
म्हटलं, शेअर.
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.
कुठल्या पाटीवर कुठली लिपी वर
यावरून आमच्याकडं काचा फुटतात,
आणि माझे चाळीस हजार
दोन समुद्र ओलांडून गेले, एक दगड न लागता.

वर्षभरात सगळं कोसळलं.
तीन पाळ्यांची एक पाळी झाली,
भट्टी थंड, दुपारी शेडमध्ये कावळे.
चहाच्या गाड्यावर बसलिंग भेटला. म्हणाला, मारिदेनो?
कन्नडात मारणं म्हणजे विकणं.
मराठीत काय ते सांगायला नको.
त्या वर्षी गावात दोन्ही अर्थानं चाललं होतं.
इल्ला, म्हटलं.

भाव निम्म्याखाली.
मी भाव बघितला नाही, अहवाल उघडला,
पोरीची डिक्शनरी शेजारी घेऊन.
संशोधनावरचा खर्च छाटलाय? नाही.
कर्ज? नव्हतंच.
एका पानावर मागच्या वर्षीची स्वतःची चूक, आकड्यासकट.
टीप तीन आठवली.

सुगंधा म्हणाली, काय बघूलास एवढं त्यात?
ती कंपनी तुला ओळखते काय?
ती नाही ओळखत. मी ओळखतो.

पुढं जपानची एक घेतली, बेअरिंगवाली.
अमेरिकेची एक, रक्त तपासायची यंत्रं करणारी.
तैवानची एक ढकलून बसवली,
सगळे घेत होते म्हणून. ती अडकली.
गेज अडकलं की हातोडी लागते,
आणि मग भोकही जातं, गेजही.
ते पैसे पोरीच्या लग्नाआधी हवे होते.
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

रिटायर होताना जुनं गेज मागून घेतलं.
तेलकट कागदात गुंडाळून ठेवलंय, डिव्हिडंडच्या चिठ्ठ्यांखाली.
कधी काढून पुसतो.
गोचं टोक झिजलंय, हजारो भोकांत जाऊन जाऊन.
नो-गोचं अजून लखलखीत.
ते कुठं आत गेलंच नाही,
म्हणून कुठल्या स्टेटमेंटवर त्याची नोंदही नाही.

परवा बाजार पुन्हा पडला म्हणे.
बसलिंगचा पोरगा गेटाशी स्कूटर थांबवून ओरडला,
काका, मारिदेनो?
मी झाडांना पाणी घालत होतो.
हातानंच सांगितलं.