आडवं कुंपण

शाळा सुटली की नेस्टाबाई पोरांना
माएलासीच्या डुकरांपाशी नेतात.
"हे कुंपण," म्हणतात, "पूर्वी आडवं होतं."

पोरं हसतात. कुंपण कधी आडवं असतं?

"होतं. नारळी तोडून मैलभर अंथरलेलं.
यावर विमानं उतरायची.
माझे आजोबा तुमच्याहून थोडे मोठे,
पत्रे वाहायचे. दिवसाला एक शिलिंग."

गंजका पत्रा. रांगेनं गोल भोकं.
जोस्पेथ बोट घालून बघतो,
"यातून विमानं पडली नाहीत?"

"पडली. पण समुद्रात.
एकाच्या पंखाचा आजोबांनी कंगवा केला."

"कुणाचं होतं? आपल्या बाजूचं?"

"मीही विचारलं होतं.
म्हणाले, कंगव्याला काय, केस ठाऊक."

मग कुणीच बोलत नाही.
धाकटी आलू भोकाला डोळा लावते.
पलीकडून डुकरीण
नाक लावते.