बेचाळीस वॅट

मार्चमध्ये विजेचं बिल आलं तेव्हा
डेटलेफने चष्मा दोनदा पुसला.
मग तळघरातून आणलं ते वितभर मीटर,
पंपाच्या सॉकेटला लावलं
आणि बागेतल्या तळ्याकडे असं पाहिलं
की घरातल्याच कुणावर चोरीचा आळ घ्यावा.

एकशे दहा.
आम्ही जेवत असू तेव्हा एकशे दहा, झोपलेलो असू तेव्हा एकशे दहा,
ल्युनेबुर्गला माझ्या बहिणीकडे चार दिवस राहिलो
तेव्हा रिकाम्या घरासाठीही एकशे दहा.
पाकिटाच्या पाठीवर त्याने हिशोब मांडला:
वर्षाला नऊशे त्रेसष्ट युनिट.
"गेझिने, हा पंप आपल्या दोघांपेक्षा जास्त खातो."
मी म्हटलं, खाऊ दे. बोलतो तरी.

शनिवारी त्याने पंप वर ओढला
दोरीने, विहिरीत पडलेली बादली काढावी तसा.
काळाकुट्ट, बुळबुळीत.
जाळीत बर्चची पानं, गोगलगायीचं रिकामं घर,
आणि योर्नचा एक प्लास्टिकचा घोडेस्वार,
तलवार अजून उगारलेली.
पंप रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला, चुना सुटला,
सकाळी मीटरवर एकशे चार.
घोडेस्वार मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा केला.
त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

शेजारचा ओल्टमान्स, जन्मभर नळ जोडलेला माणूस,
कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला,
"पाणी चढवायचं म्हणजे पैसा चढवायचा.
ही नळी आहे की शिंकणारं नाक?
जाड घाल. वळणं काढ. आणि तो धबधबा
उतरव खाली. मग पंप निम्मा पुरेल."

धबधबा.
योर्न पर्थला गेला त्या उन्हाळ्यात रचलेला,
हार्त्सच्या डोंगरातून गाडीच्या डिकीत आणलेले दगड,
छातीइतका उंच,
कारण कमी उंचीचा पुरेसा वाजत नव्हता.

एकेक दगड आम्ही उतरवला.
दगडांखाली मुंग्यांचं गाव, ते आम्ही बाजूला जपून ठेवलं.
गुडघ्याएवढा उरला तेव्हा डेटलेफने नवा पंप सोडला,
मुठीत मावेल एवढा.
बेचाळीस! तो ओरडला, लॉटरी लागल्यासारखा.
पाणी आता कोसळत नव्हतं,
कुणाच्या तरी मागे हळूच येत होतं.

पण माणसाला एकदा वाचवायची चटक लागली की थांबत नाही.
त्याने टायमर आणला:
रात्री दहा ते सकाळी सहा, पंप बंद.
"रात्री कोण बघतंय?"

जुलैतली ती रात्र, वारा मेलेला.
चार वाजता मला शांततेने जाग आली.
तळ्यावर सातही सोनेरी मासे
ओठ हवेत काढून,
पोचत नसलेला एकेक शब्द बोलत होते.

मी अनवाणी धावले, झारी उचलली,
भरायची, डोक्यावर धरायची, ओतायची.
भरायची, ओतायची.
मागून डेटलेफ आला, पायजम्यात,
हातात सूपचं पातेलं.
टायमर फिरवून पंप सुरू करावा
हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.
उजाडेपर्यंत आम्ही तळ्याचं पाणी तळ्यातच ओतत राहिलो,
दोन म्हातारे, शून्य वॅट,
आणि कधीतरी मधेच तो म्हणाला,
"त्याला मी तेव्हा तसं बोलायला नको होतं."
पातेलं थांबलं नाही. झारीही.

वनस्पती रात्री स्वतःच श्वास घेतात, ओल्टमान्सने नंतर सांगितलं,
माशांच्या वाटचा उरत नाही.
बंदच ठेवायचा तर दुपारी ठेवा.

म्हणून आता पंप दुपारी झोपतो.
तीन वाजता टायमर खट् करतो,
दगडांवरून शेवटचं पाणी ओघळतं,
मग ठिबकतं,
मग नुसते ओले दगड.
टेबलावर कॉफी, मनुक्यांचा केक, मधमाश्या.
डेटलेफ कपात बघत विचारतो,
पर्थमध्ये आत्ता किती वाजले असतील?

आणि पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही,
असं मला आता म्हणता येत नाही.