उठबस

मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहाला,
साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये
बास्तियान उगवतो.
वय सव्वीस. दाढी ठेवायची की नाही, अजून ठरलेलं नाही.
तो वाल्दिव्हियात, मी पुंता अरेनासमध्ये,
मध्ये अख्खा पातागोनिया
आणि अर्ध्या सेकंदाचा उशीर.

"सेन्योरा एल्सिरा, खुर्ची भिंतीला लावा.
हात छातीवर. उठा. बसा."
चौतीस वर्षं मांसाच्या कारखान्यात
थंडीत उभ्यानं मेंढ्या मोजल्या,
कुणी खुर्ची दिली नाही.
आता खुर्ची आहे,
तर म्हणे तिच्यातून उठा.

या घरात उठबस पुष्कळ होती एके काळी.
रविवारी नऊ नऊ माणसं,
मातेचा एकच पेला हातोहात फिरायचा,
नळीही सगळ्यांची एकच.
आता दाराशी पिशवी ठेवतात, बेल वाजवतात,
मी पोचेपर्यंत पावलं फाटकापलीकडे.
उरली ती माझी एकटीची उठबस,
सकाळी दहा, संध्याकाळी दहा,
वहीत रेघा मारून.

मसुरीची किलोची पिशवी म्हणजे वजन.
(पहिल्या आठवड्यात दोन पिशव्या होत्या.
एक मी शिजवून खाल्ली.
तेव्हापासून डावा हात रिकामाच वर जातो.
बास्तियानला सांगितलेलं नाही.)

सिंकची कड धरून टाचा उचलायच्या.
टाचा उचलल्या की खिडकीतून दिसतो
रस्त्याकडेचा दोर.
आमच्याकडचा वारा माणूस बघत नाही, आडवा करतो,
म्हणून चौकाचौकांत दोर बांधतात,
धरून चालायला.
यंदाही दोर आहे. वारा आहे.
धरणारं कुणी नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलं,
ध्येय काय लिहू? फॉर्मात रकाना आहे.
बाकीच्या सांगतात, नातवाला उचलायचंय,
एकीला म्हणे लग्नात नाचायचंय.
मी म्हटलं, लिही:
जमिनीवरून उठायचंय.

तो गप्प. मला वाटलं नेट गेलं.
"पडलात का?"
नाही रे. पण पडेन ना.
रोसेन्दो याच फरशीवर पडला होता,
मी फेरीनं पोर्वेनिरला गेले होते, बहिणीकडे.
लागलं काही नव्हतं त्याला.
नुसतं उठता येईना. पाच तास.
मी आले तर म्हणतो कसा,
एल्सिरा, ओव्हनखाली केवढी धूळ आहे.

मग शुक्रवारी आम्ही पडायला शिकलो.
घोंगडी अंथरली, खुर्ची हाताशी.
एक गुडघा, दुसरा, मग कुशीवर.
फोन खाली घ्या म्हणायला तो विसरला.
"सेन्योरा? मला नुसतं कॅलेंडर दिसतंय.
सेन्योरा एल्सिरा?"

मला ऐकू येत होतं.
लगेच ओ दिली नाही.
किती वर्षांत मी अशी जमिनीवर आडवी झाले नव्हते.
फ्रिजची घरघर पाठीला कळत होती.
वारा पत्र्यावर काहीतरी ओढत होता.
ओव्हनखाली खरंच धूळ होती,
आणि तिच्यात कपड्यांचा एक चिमटा, निळा.
निळे चिमटे आम्ही वापरायचो, तो होता तेव्हा.
म्हणजे यानंही पाहिला असणार,
पाच तास.

"सेन्योरा!"
आवाज आता सव्वीसचा नव्हता, सहाचा होता.

आहे रे बाबा. मोज तू.
कूस. कोपर. मग दोन्ही हात टेकले.
हात टेकले म्हणजे हरले, असं मीच म्हणायचे आजवर.
गुडघा कुरकुरला, ऐकला नाही त्याचं.
खुर्चीची बैठक, खुर्चीची पाठ,
चारला तो अडकला, पाच-सहा माझे मीच मोजले,
आणि सातला
त्याच्या पडद्यावर आधी माझे विस्कटलेले केस आले असतील,
मग कपाळ,
मग मूठ.

"हातात काय आहे?"

वजन, मी म्हटलं.
डाव्या हाताचं.