हापसे

सभांची इतिवृत्तं फाईलला होती,
तिन्ही वर्षांची, एकाच शाईत.
सूचनाफलक नवा; खिळ्यांभोवती
लाकडाचा भुसा अजून पांढरा.
कर्मचारी सतरा, हजर सतरा,
त्यातला एक बहुधा दुसऱ्याच्या बुटांत,
चालताना टाचा वाजत होत्या.
मी टॅबलेटवर खुणा करत गेलो.
कंपालाहून निघताना बजावलं होतं :
माणसाकडे नाही, पुराव्याकडे बघायचं.

प्रश्न एकेचाळीस : हातपंप चालू आहे का?
होय / नाही.

उपतालुक्याचे मुख्य, ओकिरिया साहेब,
छत्री घेऊन स्वतः पुढे झाले.
आंब्याखाली हापसा. पिवळ्या डब्यांची रांग.
रांगेच्या तोंडाशी आसेकेन्ये,
उंच खांद्यांच्या झग्याचा पट्टा आवळून.

दांडा खाली, दांडा वर.
मी मोजत नव्हतो. ती मोजत होती,
तेसो भाषेत, मोठ्यानं.
मला आकडे कळेनात, पण
वाढत चाललेत एवढं कळत होतं.
मग नळी खाकरली आणि पाणी आलं.
"चालू," साहेब म्हणाले.
नियमानं चालूच. मी 'होय' दाबलं,
हिरवा ठिपका उमटला.

तिनं हातानं खुणावलं मला, ओट्याच्या मागं.
सिमेंटवर खिळ्यानं कोरलेलं :
अकरा. सोळा. चोवीस. एकोणतीस.
प्रत्येकाखाली एक नाव.
चोवीसखालचा लुबेगा माझ्या ओळखीचा,
बढती मिळून आता मंत्रालयात असतो.
त्या वर्षी यांना सत्तर गुण पडले होते.
एकोणतीसच्या वर्षी त्र्याहत्तर,
शिवाय ढाल.
सकाळीच पाहिली होती ती, कपाटावर,
पुसूनबिसून ठेवलेली.

ओकिरिया छत्रीची एक काडी
सरळ करत राहिले. ती सरळच होती.

आसेकेन्येनं अडतीस कोरलं,
खिळा तसाच टेकवून थांबली, काहीतरी बोलली.
साहेबांनी नाइलाजानं सांगितलं :
"नाव विचारतेय तुमचं.
अक्षर चुकायला नको म्हणते."

किसितु, मी म्हणालो. हळू, तुटक.

टॅबलेटमध्ये शेवटी शेऱ्याचा रकाना असतो,
दीडशे अक्षरांचा,
गुणांत न धरला जाणारा.
तो उघडून मी उभा होतो
आणि मागची एक मुलगी
आम्हा दोघांना कोपरानं सारून पुढं घुसली,
डबा लावला, दांड्याला लोंबकळली,
कारण पाणी वर आलेलं होतं
आणि थांबलं की पुन्हा
एकपासून.