ओळखपरेड

उतेनाहून मोलेताईकडे जाणाऱ्या रस्त्याच्या
दोन्ही कडा मी एकोणीस वर्षं कापतोय.
जूनमध्ये एकदा, जुलै सरताना एकदा.
ट्रॅक्टर, त्याच्या उजव्या अंगाला लांब लोखंडी हात,
हाताच्या टोकाला पातं.
पात्याखाली येईल ते माझ्या लेखी गवत.

यंदा ऑफिसनं माझ्यापुढे चालायला एक बाई दिली.
विल्गैले. रबरी बूट, गळ्यात भिंग,
पिशवीभर पिवळी निशाणं.
निशाण दिसलं की पातं उचलायचं, एवढाच मला हुकूम.
पहिल्या दिवशी नऊ किलोमीटरचं काम
चारशे मीटरवर अडलं.
मी काचेआडून तिला पुष्कळ नावं ठेवली.

डबा खाताना म्हणाली, जरा खाली बघा.
जिथून माझं चाक रोज जातं तिथेच
मातीला गाल टेकून पसरलेलं एक पान
तिनं मधून हळूच फाडलं, तुकडे लांब केले.
मध्ये पाच दोरे ताणून राहिले, तुटेनात.
गिस्लोतिस, ती म्हणाली, शिरांवरून पडलेलं नाव.
नाव मला येत होतं.
गुडघा फुटला की हेच चावून लावायचो आम्ही.
ते माझ्या चाकाखाली राहतं, हे माहीत नव्हतं.

मग तिनं मला डोळे मिटायला लावले.
नाकाशी एक देठ.
कडू. आठवडाभर शर्टातून जात नाही हा वास.
किएतिस, ती म्हणाली.
दुसरा देठ: अननस!
हसली. बसथांब्यापाशी बघा, जिथे माणसं तुडवतात
तिथेच वाढतं, पाकळ्या नसलेलं पिवळं बटण.
तिसरा: उंदराचं बीळ.
डोळे उघडा, म्हणाली, आणि आधी हात धुवा.

दोन छत्र्या शेजारी शेजारी धरल्या.
एकीच्या देठाला लव, पांढऱ्या फुलोऱ्यात मधोमध
शाई सांडावी तसं एकच काळपट फूल: रानगाजर.
दुसरीचा देठ गुळगुळीत, त्यावर जांभळे शिंतोडे.
ही माणूस मारते.
लांबून सख्ख्या बहिणी.
एकोणीस वर्षं दोघींना मी एकाच पात्यानं कापलं.

एकतीसच्या दगडापाशी मात्र मीच आधी पाहिलं.
माणसापेक्षा उंच, ताटाएवढं फूल.
ती बाह्या सरसावून निघालीच होती, ऊन माथ्यावर.
मी हॉर्न दाबून धरला.
उतरलो, टोपी काढली,
डाव्या डोळ्याभोवतीचं तपकिरी कडं दाखवलं.
नऊ वर्षांचा होतो. याचीच नळी कापून दुर्बीण केली
आणि खंदकापलीकडच्या एइमुतिसला पाहिलं.
संध्याकाळपर्यंत डोळा फोडांत बुडाला.
अजून उन्हाळ्यात कडं गडद होतं,
लोक विचारतात, कुणाशी मारामारी?

गुरांना चारा म्हणून आणलं होतं म्हणे कुणीतरी.
गुरं गेली, गोठे पडले, आणणारं ऑफिसही गेलं.
हा उपटसुंभ तेवढा राहिला.

विल्गैलेनं भिंग लावून माझा डोळा पाहिला,
बराच वेळ, पानं बघते तसा.
बाह्या खाली ओढल्या.
वहीत तारीख, किलोमीटर, झाडाचं नाव लिहिलं
आणि 'कोणी ओळखलं' या रकान्यात
मला विचारलं,
तुमचं नाव काय?
चौथा दिवस होता तो.
आल्ग्मंतास, मी म्हणालो.
तिनं लाल निशाण रोवलं.

ती आता झारासाईच्या रस्त्यावर आहे, असं ऐकतो.
निशाणं पावसानं फिकी पडलीत, काही वाऱ्यानं नेली.
जिथे निशाण नाही तिथे मी कापतो. काम आहे ते.
फक्त पातं टेकण्याआधी तोंडातून जातं,
गिस्लोतिस, किएतिस, पुन्हा किएतिस,
इंजिनच्या आवाजात मलाही नीट ऐकू येत नाही.
बरं वाटतं असं नाही.
पूर्वी काहीच वाटायचं नाही,
तेव्हा रस्ता लवकर संपायचा.